नळीतल्या कण्या

श्रावण खंडारेने धुतलेली काचेची नळी उजेडात धरली, की हातात नळी आहे की नुसतीच हवा, असा माणसाला प्रश्न पडे. अमरावतीच्या त्या कॉलेजात तो त्रेपन्न साली प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला. पगार शिपायाचा, पण काम मात्र नळ्या धुणे, वाफेच्या भांड्यात त्या उकळून काढणे, जंतूंसाठी खाद्य शिजवणे, असं सगळं. मॅट्रिक झालेला माणूस होता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून त्याने एक नेम केला होता. आपल्या हातचं काम कुणी नावं ठेवावीत असं सोडायचं नाही. रसायनशास्त्रवालेसुद्धा मोठी तपासणी आली की निरोप पाठवत, "श्रावणच्या नळ्या असतील तर चार द्या."

एकसष्ट साली वनस्पतिशास्त्र शिकवायला अनुपमाबाई पाध्ये आल्या. पस्तिशीच्या, सडपातळ, चालताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटणाऱ्या. डॉक्टरेटसाठी त्यांनी जो विषय घेतला होता तो ऐकून स्टाफरूममध्ये हशा पिकला. माणसाच्या दातांवर जो पिवळट, चिकट थर बसतो, त्यातल्या जंतूंचा त्या अभ्यास करणार होत्या.

"बाई, लोक फुलांवर प्रबंध लिहितात आणि तुम्ही तोंडातल्या घाणीवर?" असं विभागप्रमुख कमलाकांत सर म्हणाले होते.

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या आईचे सगळे दात चाळिसाव्या वर्षी काढून टाकले होते. हिरड्यांतून रक्त येतं म्हणताच तेव्हा अमरावतीत काय नि अकोल्यात काय, दाताचे डॉक्टर चिमटाच हातात घेत. त्या थरात असतं तरी काय, आणि घासूनही तो पुन्हा पुन्हा का बसतो, एवढंच बाईंना शोधायचं होतं.

श्रावणला त्यांचं काम पहिल्या दिवसापासून आवडलं. खाटिकाकडून बकऱ्याचं रक्त आणायचं, काचेच्या मण्यांसोबत बाटलीत हलवत राहायचं म्हणजे ते गोठत नाही, मग ते खाद्यात मिसळायचं. जंतू पेरलेल्या बशा मोठ्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती विझली की आतली हवा जंतूंना मानवेल अशी होते. उन्हाळ्यात तर आणखीच गंमत. जंतूंना लागते माणसाच्या अंगाएवढी ऊब, आणि बाहेर पारा पंचेचाळीसवर. तेव्हा जंतू वाढवायची उबदार पेटी तापवायची सोडून श्रावण तिच्याभोवती ओली गोणपाटं गुंडाळत बसे.

त्रेसष्ट साली त्याची आई जाईबाई चांदूर रेल्वेहून आली. तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, भाकर खाताना रक्त येई. श्रावण तिला इर्विनच्या दवाखान्यात नेण्याआधी कॉलेजवर दोन कागदांवर सह्या घ्यायला थांबला. बाईंनी व्हरांड्यात बसलेल्या म्हातारीला पाहिलं आणि बाहेर आल्या.

"आई, तुमच्या दातांवरचा थोडा थर मला द्याल का? दुखणार नाही. कामाला लागेल."

जाईबाईने पदर तोंडावर ओढला. "अवो बाई, माह्या तोंडातली घाण कायले पाह्यता? तमाकू खाल्लेलं तोंड हाये. उष्टं हाये."

"माझंही उष्टंच आहे. काल मी माझ्याच दातांवरचा घेतला."

म्हातारी लेकाकडे पाहायला लागली. श्रावणने मान हलवली. बाई खाली फरशीवर तिच्यासमोर बसल्या, डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि उकळलेल्या बारीक सळईने मागच्या दाढांवरचा थर अलगद काढला. चांदूरात विहिरीवर ज्या बाईला स्पर्श टाळून कुणी वरून पाणी ओतायचं, तिच्या हनुवटीला सवर्ण घरातल्या बाईचा हात लागलेला श्रावणने कधी पाहिला नव्हता. त्याने बशीवर चिठ्ठी चिकटवली आणि लिहिलं : जाईबाई, ६३. जाईबाईचे दात दवाखान्याने काढले नाहीत, गोळ्या आणि मिठाच्या गुळण्या देऊन घरी पाठवलं. आणि बाईंनी तिला बाभळीची काडी हिरडीच्या कडेकडेने रोज कशी फिरवायची, ते स्वतः करून दाखवलं.

जाईबाईच्या थरातून काडीसारखे लांब जंतू निघाले. बाईंच्या स्वतःच्या थरातून मण्यांच्या माळेसारखे गोल जंतू निघाले. बाईंनी ते दोन्ही वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले, आणि वर्षभर ते सुखाने वाढले.

घोळ झाला तो चौसष्टच्या एप्रिलमध्ये. हे दोन जंतू एकत्र असले तर कोण कुणाला मारतं, ते बाईंना बघायचं होतं. दोघांना खाद्यातून वेगळं करून, धुऊन, मिठाच्या पाण्यात घोळवलं. दोन्ही नळ्या पातळ ताकासारख्या गढूळ. मग एकातलं दुसऱ्यात ओतलं, आणि बघता बघता दूध नासावं तसं झालं. बारीक पांढऱ्या कण्या तयार झाल्या, तळाला बसल्या आणि वरचं पाणी नितळ झालं.

बाईंनी तीनदा करून पाहिलं. तिन्हीदा तेच.

कमलाकांत सर बघायला आले. नळी नाकापुढे धरली आणि म्हणाले, "साबण राहिलाय. धुणाऱ्याला विचारा." आणि श्रावणकडे न पाहताच पुढे म्हणाले, "भांडी घासण्यात आणि नळ्या धुण्यात फरक असतो म्हणावं."

बाई थकल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "श्रावण, जरा नीट धुवत जा हो."

श्रावण "हो बाई" म्हणाला आणि बाहेर गेला. घरी शकुनने, त्याच्या बायकोने, ताट वाढलं तेव्हा त्याचा घास तोंडातच फिरत राहिला.

"काय झालं?" शकुनने विचारलं.

"माह्या नळ्या घाण हायेत म्हणते."

"मंग हायेत का?"

"नाई."

"तं दाखवून दे ना बाप्पा. माह्यावर काहून चिडून राहिले?"

ते त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा वर्ग असताना त्याने कोठारातलं नवं कोरं खोकं फोडलं. भुशात गुंडाळलेल्या, कुणाचाही हात न लागलेल्या नळ्या काढल्या आणि नुसत्या वाफेत उकळल्या, साबणाचा थेंब लावला नाही. तीन नळ्या मांडल्या. एकीत फक्त गोल जंतू, एकीत फक्त काड्या, आणि तिसरीत दोन्ही. मग शेजारी आपल्या धुतलेल्या जुन्या तीन नळ्या तशाच मांडल्या. हात पाठीमागे बांधून तो बघत उभा राहिला.

एकेकट्या जंतूंच्या चारही नळ्या तासभर गढूळ राहिल्या. ज्यांत दोन्ही होते त्या नव्या नळीतही कण्या बसल्या आणि जुन्या नळीतही.

बाई वर्गावरून आल्या तशा त्याने त्यांना खिडकीजवळ बोलावलं. "बाई, ह्या नव्या नळ्या हायेत. ह्या माह्या. साबणाचं काम असतं तर एकट्या जंतूच्या नळीतही कण्या झाल्या असत्या. आन् नव्या नळीत तर झाल्याच नसत्या." त्याने घसा साफ केला. "मले वाटते, हे एकमेकाले धरून राहिले."

अनुपमाबाईंनी एकेक नळी उचलून पाहिली. मग खाली स्टुलावर बसल्या.

"काल मी तुम्हाला नीट धुवा म्हणाले."

"जाऊ द्या बाई."

"जाऊ नाही द्यायचं. चुकलं माझं."

त्यांनी कणीचा थेंब काचेवर घेतला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावला. स्वतः बघितलं आणि उठून त्याला जागा दिली. श्रावणने डोळा लावला. मधे लांब काडी आणि तिच्या सगळ्या बाजूंनी गोल जंतू चिकटलेले, अगदी भरून.

"ज्वारीचं कणीस!" तो म्हणाला.

"अगदी कणीस," बाई म्हणाल्या.

मग त्यांचा खरा प्रबंध सुरू झाला. त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या दातांवरचे अठरा प्रकारचे जंतू घेतले आणि जोड्या लावून पाहिल्या. सगळेच सगळ्यांना चिकटत नव्हते. काही जोड्या हटकून चिकटायच्या, काही कधीच नाही. कुणाच्या तोंडातून आले याला काही किंमत नव्हती. कमलाकांत सरांच्या दातांवरचे गोल जंतू जाईबाईच्या काड्यांना सगळ्यांत घट्ट चिकटले. श्रावणला ते वहीत लिहिताना हसू आवरेना. बाईंच्या लक्षात आलं की काही जातींना दाताचा पृष्ठभाग धरता येत नाही, पण आधी दाताला धरून बसलेल्यांना त्या धरतात. थरावर थर चढतो तो असा. म्हणजे पहिला थर रोजच्या रोज निघाला, तर मागून येणाऱ्यांना धरायला काही उरत नाही.

पासष्टच्या अखेरीस प्रबंध टंकून तयार झाला. आभारांच्या पानावर नाही, तर चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच बाईंनी लिहिलं होतं, की वेगवेगळ्या जातींचे जंतू एकमेकांना चिकटतात हे पहिल्यांदा प्रयोग करून दाखवलं ते प्रयोगशाळेतले श्री. श्रावण खंडारे यांनी. श्रावणने इंग्रजीतलं ते वाक्य बोट फिरवत चारदा वाचलं.

कमलाकांत सरांना ते आवडलं नाही. "शिपायाचं नाव प्रबंधात? विद्यापीठ हसेल."

"हसू दे सर," बाई म्हणाल्या, आणि पान तसंच राहिलं.

सहासष्टच्या जानेवारीत परीक्षक म्हणून डॉक्टर मोरोपंत दीक्षित नागपूरहून आले. साठीचे, जाड चष्म्याचे, फार कमी बोलणारे. तोंडी परीक्षेनंतर म्हणाले, "मला कण्या बघायच्या आहेत." पाहुणा मोठा, म्हणून कमलाकांत सरांनी आठवडाभर आधीच डिस्टिल्ड पाण्याचं बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करून घेतलं होतं. दोन मोठ्या बाटल्या भरून ताजं पाणी तयार होतं, आणि मिठाचं पाणीही त्याचंच केलेलं होतं.

बाईंनी दोन्ही नळ्या एकत्र केल्या. सगळे बघत उभे राहिले.

काहीच झालं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नळी ताकासारखी गढूळची गढूळ. बाईंनी दुसरी जोडी घेतली. तीही तशीच. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. परीक्षक घड्याळाकडे नाही, बाईंकडे पाहत होते. सर खाकरले.

श्रावणला मात्र कळलं होतं. पाणी!

डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र दोन वर्षं बंद होतं. चौसष्टच्या मार्चपासून त्याने कचेरीत चार अर्ज दिले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. काम अडू नये म्हणून तो मागच्या विहिरीचं पाणी दोनदा उकळून, दोनदा गाळून वापरत होता. स्वच्छ होतं ते, त्याला खात्री होती. बाईंना सांगायचं राहून गेलं, मग सांगायची लाज वाटायला लागली, आणि बाईंनी प्रबंधात विश्वासाने लिहिलं : डिस्टिल्ड पाण्यात.

तो मागच्या खोलीत गेला. फळीवर त्याची बाटली होती, कालच गाळलेली. ती आणून नुसतं मिठाचं पाणी बदललं तर दोन मिनिटांत कण्या बसणार होत्या. कुणाला कळलं नसतं. बाईंची डॉक्टरेट झाली असती आणि त्याचं नाव कागदावर राहिलं असतं. बाटली हातात घेऊन तो उभा राहिला. मग त्याच्या मनात आलं, उद्या हा प्रबंध वाचून कुणी मद्रासला, कलकत्त्याला हाच प्रयोग करेल, त्याच्या नळीत काही होणार नाही, आणि तो म्हणेल ही बाई खोटारडी आहे.

तो बाहेर आला. एका हातात विहिरीच्या पाण्याची बाटली, दुसऱ्यात डिस्टिल्ड पाण्याची.

"साहेब, मले एक सांगायचं आहे." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "दोन वर्षं डिस्टिल्ड पाणी नव्हतं. मी विहिरीचं वापरलं, उकळून, गाळून. बाईंले माहीत नाही. चूक माही आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. सर म्हणाले, "घ्या! म्हणजे सगळी घाणच होती."

डॉक्टर दीक्षितांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "एकेकटे जंतू या पाण्यात ठेवून पाहिले होते?"

"हो साहेब. प्रत्येक वेळी. एकटे असले तर कधीच कण्या होत नाहीत."

"विहीर कुठली?"

"मागची, चिंचेजवळची."

"पाणी कसं आहे?"

"जड आहे साहेब. त्यात डाळ शिजत नाही. किटलीच्या बुडाला पांढरं बसते."

"चुना," डॉक्टर दीक्षित म्हणाले, आणि त्या दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "रसायनशास्त्राकडून कॅल्शियमचं मीठ आणा. स्वच्छ, शुद्ध."

श्रावण धावतच गेला आणि धावतच आला. डिस्टिल्ड पाण्याच्या गढूळ राहिलेल्या नळीत बाईंनी ते मीठ चिमूटभर विरघळवून टाकलं. नळीत जणू धुकं फुटलं. कण्या दिसल्या, जड झाल्या, खाली उतरायला लागल्या. एकेकट्या जंतूंच्या नळ्यांतही तेवढंच मीठ टाकलं. त्या गढूळच राहिल्या.

डॉक्टर दीक्षितांनी चष्मा काढून पुसला. "बाई, प्रबंध मी परत देतो आहे. नापास म्हणून नाही. यात एक वाक्य चुकीचं आहे आणि एक प्रकरण कमी आहे. जंतू एकमेकांना धरतात, पण धरायला त्यांना चुना लागतो. ते लिहा. सहा महिने घ्या." आणि जाता जाता श्रावणजवळ थांबले. "यंत्र चालू असतं तर तुम्हाला दोघांना ही कणी कधी दिसलीच नसती."

बाई दोन दिवस श्रावणशी बोलल्या नाहीत. तो येत होता, नळ्या धूत होता, जात होता. नोकरी गेली तर चांदूरला जाऊन काय करायचं, याचा विचारही त्याने करून ठेवला. तिसऱ्या दिवशी बाई धुण्याच्या मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मला राग आला होता. अजून आहे थोडा."

"बरोबर आहे बाई."

"पण मी दोन वर्षांत एकदा तरी विचारलं का, श्रावण, पाणी कुठून आणता म्हणून? ते अर्ज तुम्ही एकटेच देत बसलात, मी एकावर तरी सही केली असती." मग त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही मागच्या खोलीत गेलात तेव्हा मला वाटलं, हा पळून गेला. बाटली बदलून आणता आली असती, नाही?"

श्रावणने मान खाली घातली. "मनात आलं होतं."

"मग?"

"तुमचं नाव खराब झालं असतं. आज नाही, पण कधीतरी."

त्यांनी पदर खोचला, मोरीवरचा ब्रश उचलला आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून नळ्या धुवायला लागल्या. त्यांना ते नीट जमत नव्हतं. श्रावणने त्यांनी धुतलेल्या नळ्या त्यांच्या नकळत पुन्हा धुतल्या.

सहा महिन्यांत नवं प्रकरण झालं. कमलाकांत सरांनी पुन्हा विचारलं, आता तरी ते नाव काढणार का, चूक करणाऱ्याचं नाव कोण ठेवतं. बाई म्हणाल्या, "चूक सांगणाऱ्याचं ठेवते आहे." जुलैमध्ये प्रबंध मान्य झाला. बाईंनी परदेशी मासिकाला लेख पाठवला, तो मात्र दोन ओळींच्या पत्रासह परत आला. तुमच्या भांड्यांची स्वच्छता तपासा, असं त्यांनी कळवलं होतं. बाईंनी ते पत्र श्रावणला वाचून दाखवलं. दोघं इतके हसले की शेजारच्या वर्गातून मुलं डोकावली.

सदुसष्टच्या जूनमध्ये अकोल्याला एका नव्या कॉलेजात बाई विभागप्रमुख म्हणून गेल्या. महिन्याभराने श्रावणला पत्र आलं. तिथे प्रयोगशाळा तंत्रज्ञाची जागा निघाली होती, मॅट्रिक आणि दहा वर्षांचा अनुभव. अर्जासोबत जोडायचं शिफारसपत्र दोन पानांचं होतं, आणि डॉक्टर दीक्षितांचं वेगळं एक. जागा मिळाली.

शकुन आणि सामान घेऊन तो गाडीत बसला तेव्हा बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत एकच वाक्य मनात घोळवत होता. बाईंना काय म्हणायचं? उपकार म्हटलं तर त्या चिडतील. आभार म्हटलं तर फार कोरडं. त्याला चौसष्ट साल आठवत नव्हतं, परीक्षेचा दिवसही आठवत नव्हता. फरशीवर बसलेल्या बाई आणि त्याच्या आईची हनुवटी धरलेला त्यांचा हात, तेवढंच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं.

नव्या प्रयोगशाळेत खोकी तशीच पडली होती. बाई बाह्या सरसावून भुसा उपसत होत्या.

"बाई," तो दारातूनच म्हणाला, "माह्या मायच्या तोंडाले तुम्ही हात लावला. त्याचं मी कधी बोललो नाही."

बाई भुशात हात घालून थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. "बरं केलं, बोलला नाहीत ते," त्या म्हणाल्या. "मीही तुम्हाला त्या न बदललेल्या बाटलीबद्दल काही सांगायचं ठेवलं आहे. सवडीने सांगेन. कशी आहे आई?"

"हाये. खालचे सगळे दात शाबूत हायेत. गावातल्या बायांले काडी फिरवायले शिकवून राहिली."

"खरंच?"

"रोज सकाळी. ज्या ऐकत नाहीत त्यांले शिव्या देते."

बाई खळखळून हसल्या. शकुन दाराशी पिशव्या घेऊन अवघडून उभी होती, तिला त्यांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. श्रावणने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पहिलं खोकं उघडायला घेतलं.